जुना तंबोरा ‘नवा’ करून घेऊ नका

तुमच्या घरात जुना तंबोरा, सतार, दिलरुबा असलं काही असेल आणि ते फुटलं-मोडलं असेल, तर "एकदम नवा करून देतो ताई, ओळखू पण येणार नाही" असं म्हणणाऱ्याच्या हातात ते देऊ नका. खरं तर एवढंच सांगायचंय. पण नुसतं एवढं सांगून कोण ऐकतंय, म्हणून आमच्या तंबोऱ्याचं काय काय झालं ते सगळंच लिहिते, लांबेल जरा.

तंबोरा थोरल्या आत्याचा. स्वातंत्र्याच्या आधी आजोबांनी मिरजेहून आणलेला, खर्जाचा म्हणजे खालच्या, भरदार आवाजाचा, मोठ्या भोपळ्याचा, उभा केला की माझ्या खांद्याच्या वर जातो. त्या काळात कोल्हापुरात तंबोरा घेणं म्हणजे फार मोठी चैन वगैरे नव्हती, गाण्याचं वेडच होतं शहराला. शाहू महाराजांनी मोठे गवई अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात ठेवून घेतलं, महाराज 1922 ला गेले तोपर्यंत खाँसाहेब इथंच होते, नंतर ते मुंबईला गेले तरी त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ इथं राहून शिकवत होते, देवल क्लब ही गाण्याची संस्था तर 1883 पासूनची. त्यामुळं पेठेतल्या कितीतरी घरांत खुंटीला तंबोरा असायचा आणि घरातलं कोणी ना कोणी संध्याकाळी तो काढून बसायचं. आमच्या घरात आत्या बसायची.

आता पूर. आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या बाजूला. कोल्हापूरच्या बाहेरच्या लोकांना सांगते, पावसाळ्यात इथं प्रत्येकजण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ सांगतो, 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आत्याला आम्ही वेळेत राजारामपुरीत हलवलं, कागदपत्रं, गॅस, देव, जे सुचेल ते वर चढवलं, आणि तंबोरा त्याच्या गवसणीत कोपऱ्यात उभा होता तो तसाच राहिला. पाणी किती दिवस घरात होतं हे तेव्हाच्या लोकांना वेगळं सांगायला नको. ओसरल्यावर दार ढकलून आत गेलो तर गवसणी चिखलानं जड झालेली, आतून तंबोरा सुटा सुटा झालेला, तबली म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण एकीकडं, भोपळा एकीकडं, दांडी गळ्यापाशी हललेली, आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी गायब. घोडी दोन दिवसांनी कपाटामागच्या गाळात सापडली, आत्यानं ती धुऊन बिस्किटाच्या डब्यात ठेवली, आणि ती तिनं ठेवली म्हणून आज हा तंबोरा बोलतोय, ते पुढं येईलच.

त्या दिवसांत सगळी गल्ली सामान रस्त्यावर उन्हात टाकत होती, गाद्या, पुस्तकं, टीव्ही, सगळं. तंबोरापण कोणीतरी उचलून उन्हात नेत होतं तेव्हा आत्या ओरडली, "अगं त्याला ऊन दाखवू नका, फुटंल तो." बरोबर होतं तिचं. लाकूड पाण्यानं फुगतं ते उभ्या रेषेत फारसं नाही, आडवं फुगतं, आणि उन्हात ठेवलं की वरचा थर झटकन वाळून आकसतो, आत अजून ओलं आणि फुगलेलं असतं, मग वरचं फाटतं. पुराचं पाणी बाहेर काढलं आणि उन्हानं मारलं असं कितीतरी फर्निचरचं त्या महिन्यात झालं. आत्यानं तारा आधी सगळ्या सैल करून काढायला लावल्या, मऊ ब्रश आणि ओल्या फडक्यानं गाळ काढला, खरवडू दिलं नाही, आणि सगळे भाग वरच्या मजल्यावर सावलीत, खाली पट्ट्या ठेवून, हवा सगळीकडून लागेल असे मांडले. रोज उलटेपालटे करायची. आतल्या बाजूला पांढरी बुरशी यायची ती कोरड्या फडक्यानं पुसायची. खूप आठवडे चाललं ते.

वाळल्यावर जे दिसलं त्यावर माझं सगळं मत उभं आहे, म्हणून जरा नीट सांगते. तंबोऱ्याचे जोड सरसानं चिकटवलेले असतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेला गम, खड्यासारखा मिळतो, थंड पाण्यात भिजत घालायचा, मग गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा, उकळी आणायची नाही, उकळला की त्याची पकड जाते. हा सरस पाण्यात आणि उष्णतेत सुटतो. पुरात तेच झालं, तबली फुगली, सरस विरघळला, जोड शांतपणे उघडले, आणि लाकडाच्या कडा जशाच्या तशा, जणू कालच कारागिराने रंधा मारून ठेवल्यात अशा स्वच्छ निघाल्या. एकच जागा सोडून. भोपळ्याच्या पाठीला एक जुनी चीर होती, ती कोणीतरी पूर्वी एपॉक्सी, म्हणजे कडक होणारा रासायनिक गम, लावून बुजवलेली. एपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, ती घट्ट राहिली, भोपळा मात्र तिच्या आजूबाजूनं फुगला आणि आकसला, आणि एपॉक्सीच्या कडेनं नवीन, वेडीवाकडी, बोटभर लांब चीर पडली. एकाच वाद्यावर दोन्ही प्रकार समोरासमोर. जो गम सुटतो त्यानं वाद्य वाचलं आणि जो सुटत नाही त्यानं फोडलं.

त्यानंतर बरीच वर्षं तंबोरा चादरीत गुंडाळून माळ्यावर होता. कोरोना आला, 2021 ला परत पूर आला, आत्याचं वय झालं. मधे दोघातिघांना दाखवला. एकजण म्हणाला तबली नवीन बसवू, भोपळा पण नवीन टाकू, वरून स्प्रे पॉलिश मारू, चकाचक. दुसऱ्यानं सांगितलं ह्यात काही राम नाही, दांडी ठेवा शोभेला, दिवाणखान्यात लॅम्प करून देतो. तंबोऱ्याचा लॅम्प! मोबाईलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप आहे की, असंही सांगून झालं. अ‍ॅपवर माझा राग नाही, मीपण रियाजाला लावते, पण घरातलं वाद्य आणि अ‍ॅप ह्या एकमेकांच्या बदल्यात द्यायच्या गोष्टीच नाहीत.

शेवटी मिरज. खरं तर पहिल्यांदाच तिथं जायला हवं होतं कारण तंबोरा तिथलाच. कोल्हापूर-मिरज पॅसेंजर, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत जाते, पन्नासेक किलोमीटर. भोपळा मांडीवर, दांडी जुन्या साडीत गुंडाळून वर रॅकवर, आणि डब्यातले निम्मे लोक विचारतायत काय आहे हे, सांगितलं की प्रत्येकाच्या घरात एक पेटी नाहीतर तबला निघतोच.

मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलात की दुकानांच्या दारात सालं काढलेले, अर्धे कापलेले भोपळे रांगेनं दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे काम इथं चालतं. फरीदसाहेबांचं नाव सगळे घेतात, शिकलगार घराणं, म्हणजे तलवारी-शस्त्रांना धार लावणारे, शस्त्रांचं काम कमी झालं तसं ह्या लोकांनी तंबोरे, सतारी करायला घेतल्या आणि पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता, पुढं मोठे गवई अब्दुल करीमखाँसाहेब मिरजेत राहिले, त्यामुळं वाद्य करणारे आणि वाद्यावर गाणारे एकाच गावात, गवई येऊन सांगायचा इथं आवाज दबतोय, कारागीर तिथंच बसून बघायचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू ह्याच गावची असा सरकारी शिक्का, मिळालं, दोन्हींना वेगवेगळं. व्हायलाच पाहिजे होतं, उशीरच झाला.

ज्यांच्याकडं काम दिलं त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही, मी त्यांना चाचा म्हणते. चाचांनी गाठोडं सोडलं, तबली हातात घेऊन बोटाच्या पेरानं टकटक करत कडेपासून मध्यापर्यंत ऐकत गेले, मग भोपळ्याच्या आत टॉर्च मारला, आणि एपॉक्सीच्या डागावर अंगठा फिरवून म्हणाले, "हे कुणी केलं?" मी म्हटलं आमच्या आधीचं आहे. म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. लाकूड मेलं नाही. ह्याला कमीत कमी हात लावायचा."

कमीत कमी हात लावायचा, हे मी तोपर्यंत कोणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की तबलीचं आणि दांडीचं लाकूड तुणीचं आहे, इतकी वर्षं वाळलेलं, तारांच्या ताणाखाली आणि आवाजाखाली बसलेलं, तसं लाकूड आता विकत मागून मिळत नाही, त्यामुळं तबली बदलली तर वाद्य त्याच आकाराचं राहील पण आवाज दुसऱ्याचा येईल. मग बदलायचं काय? जे अगदी नसलंच तर चालणार नाही तेवढंच. आणि जे काही करायचं ते असं की उद्या दुसऱ्या कारागिराला उघडता आलं पाहिजे. त्यांच्या वडिलांनी जोडलेली वाद्यं आज ते उघडतात, सरस आहे म्हणून उघडतात.

भोपळा सगळ्यात जास्त बिघडलेला, एका बाजूनं चपटा झालेला, तबलीची कड त्याच्यावर बसतच नव्हती. मला वाटलं हा तर गेला. तर चाचांनी तो परत पाण्यात घातला! मी हबकलेच. पण भोपळ्याचं कामच तसं असतं म्हणे, नवीन भोपळापण पंढरपूर-मंगळवेढ्याकडून वाळून येतो तो आधी भिजवून मऊ करतात, आतून काठ्यांचे टेकू देऊन हवा तसा गोल ताणतात आणि तसाच सावलीत वाळवतात. हा कडू भोपळा, खायचा नाही, कडू असतो म्हणून किडापण कमी लागतो. आमचा भोपळा तसाच भिजवून, आतून बांबूच्या पट्ट्यांचे टेकू देऊन, रोज थोडं थोडं ताणत परत गोल केला. मग एपॉक्सी काढली, ते सगळ्यात कटकटीचं काम, गरम केलेल्या पातळ पात्यानं कण कण करत, कारण जोर लावला की भोपळ्याची साल तिच्याबरोबर येते. नवी चीर आतून सुती कापडाच्या पट्ट्या सरसात भिजवून बांधली, वरून तुणीचा बारीक भुसा आणि सरस. जवळून बघितलं तर चीर दिसते. मला ती दिसायला हवी आहे.

तबली मधोमध घोडीच्या जागी खाली दबलेली होती, तारांच्या दाबानं बऱ्याच जुन्या वाद्यांत दबते. ती आतून ओलसर फडक्याची वाफ देऊन, वजन ठेवून थोडी वर आणली, पूर्ण नाही. पूर्ण आणायला गेलं तर तडकली असती. जोडताना शिकंजे नाहीत काही नाहीत, सरस लावला की सुतळीनं आवळून आवळून बांधायचं, भोपळ्यावरून, गळ्यावरून, परत खालून, आणि सुतळीखाली पाचरी सारून ताण वाढवायचा. सुतळी कुठं किती आवळायची ते चाचांची बोटं ठरवत होती.

पॉलिशचं सांगायलाच पाहिजे कारण इथंच जास्त वाद्यं मरतात. जुन्या तंबोऱ्यावर चपड्याचं पॉलिश असतं, म्हणजे लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं हातानं चढवलेले थर. पाण्यात राहिलं की ते पांढरं पडतं, धुकं धरल्यासारखं, आणि लोकांना वाटतं पॉलिश गेलं, की लगेच सँडपेपर. सँडपेपरनं पॉलिशबरोबर वरचं लाकूड जातं, पानांचं कोरीवकाम बोथट होतं, आणि मग वरून जाड चकचकीत थर मारला की तबलीच्या अंगावर रेनकोट चढतो, ती हलायची कशी? आमच्यावर चाचांनी नुसता स्पिरिटनं जेमतेम ओला केलेला बोळा हलक्या हातानं फिरवला आणि पांढरेपणा बराचसा माझ्यासमोर निघून गेला, खालचा तो जुना काळसर लाल रंग परत वर आला. लाख स्पिरिटमध्ये परत विरघळते, जुना थर जागेवरच नीट बसतो. जिथं अगदीच उडालं होतं तिथं तेवढ्यापुरतं पातळ चपडा.

कडेची पांढरी नक्षी सेल्युलॉइडची आहे. आधीच्या पिढ्यांत हस्तीदंत वापरायचे, आता ते कायद्यानं बंद आहे आणि बंदच असलं पाहिजे. सेल्युलॉइडचे काही तुकडे पुरात वाहून गेले, राहिलेले पिवळसर पडलेत. नवीन लावून देऊ का विचारलं त्यांनी, मी नको म्हटलं. नवे पांढरेशुभ्र तुकडे त्या पिवळ्यांत ओरडले असते. ज्यांच्याकडं असं वाद्य असेल त्यांनी एक लक्षात ठेवा, सेल्युलॉइड फार पटकन पेट घेतं, समई-उदबत्ती त्याच्या जवळ ठेवू नका, पाडव्याला पूजेत ठेवलात तरी लांब ठेवा.

खुंट्या चारही जुन्याच. फुगून परत आकसल्यामुळं सटकत होत्या, भोकात नीट बसतील अशा थोड्या घासल्या आणि खडू लावला, साधा शाळेतला खडू. धरतात आता.

आणि मग घोडी. बिस्किटाच्या डब्यातली, शिसवीची. तिच्यावर तारांच्या खाचा पडलेल्या होत्या. नवीन घोडी करणं सोपं होतं, वेळही कमी लागला असता, पण चाचांनी आत्याची घोडी उलटसुलट बघितली आणि म्हणाले हीच ठेवू, अजून घासायला जागा आहे हिच्यात. तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनच्यासारखी धारदार नसते, रुंद आणि वरून अगदी बारीक उतार दिलेली असते, तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते आणि त्यातून तो झंकार येतो ती जवारी. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये ह्यावर निबंध लिहिलाय, भारतीय तंतुवाद्यांवर, तंबोरा आणि वीणेची घोडी काय करते ते त्यांनी दाखवलं. तार ज्या जागी छेडली तर एखादा स्वरांश, म्हणजे मूळ स्वराबरोबर तारेतून उमटणारा वरचा बारीक स्वर, निघायलाच नको असं जुना नियम सांगतो, तिथं छेडूनसुद्धा ह्या घोडीमुळं तो निघतो. नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधीचं हे काम, आणि तंबोऱ्यावरचं. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की आत्याला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "मग, आम्ही काय उगाच सांगत होतो होय, जवारी लागल्याशिवाय सा लागत नाही."

जवारी काढताना मी तिथंच बसून होते. कानस दोन-चार वेळा, अगदी हलकी, मग पॉलिश पेपर, मग तार चढवून छेडायची, ऐकायचं, उतरवायची, परत. प्रत्येक तारेची जागा वेगळी. जोडीच्या दोन तारा पोलादी, त्या लवकर लागल्या, खर्जाची पितळी तार मात्र खूप वेळ नुसतीच घरघर करत होती. मग चाचा तारेखाली सुताचा दोरा घालून केसभर मागंपुढं सरकवत गेले, आणि एका जागी ती उघडली. म्हणजे खरंच उघडली, दुसरा शब्द नाही. खर्जाच्या पोटातून गंधार यायला लागला, कोणी न छेडलेला, स्वयंभू. तारेच्या पाचव्या स्वरांशातला तो गंधार, हे पुस्तकात माहीत होतं, पण सगळ्या तारांची जुळणी आणि जवारी नीट असल्याशिवाय तो असा स्पष्ट वर येत नाही. चाचांनी माझ्याकडं बघितलं, मी मान डोलावली, त्यांनी तार परत उतरवली आणि म्हणाले, "अजून थोडं राहिलंय." तो माणूस समाधानी व्हायला तयारच नव्हता आणि मला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते सगळं त्यात आलं.

घरी आणल्यावर आत्यानं पेटीच्या काळी चार पट्टीत लावून घेतला, काळी पाचमध्ये तिचा आवाज आता जात नाही. बराच वेळ नुसता छेडत बसली. मग म्हणाली निषादावर लाव बघू, पंचमाची तार चढवून दिली, तिनं मारवा रागाची आलापी केली थोडी. पूर्वीचाच आवाज आहे का असं मी विचारलं, तर म्हणाली आहे, पण खर्ज जरा मोकळा झालाय आधीपेक्षा. तबली वर आणल्यामुळं असेल किंवा नव्या तारा असतील.

पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जूनमध्येच वाद्य वरच्या मजल्यावर हलवा, पातळी 39 ला जायची वाट बघू नका, त्या वेळी हातात दुसरं हजार काम असतं. आणि भिजलंच तर तारा सैल, सावली, हवा, आणि सुटलेला प्रत्येक तुकडा, कितीही फुटका, डब्यात घालून ठेवा, गम घरी लावू नका, कुठलाच. आमच्या भोपळ्याची पाठीमागची चीर पावसाळ्यात हवा दमट झाली की थोडी हलते असं दिसतंय, चाचांना फोनवर सांगितलं तर म्हणाले आत्ता काही करू नका, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की घेऊन या, आतली एक पट्टी सोडवून परत लावू.